ब्लूटूथच्या भरवशावर नरसिंहपूर

खरं तर आम्ही होळीनंतर जाणार होतो. थंडीत इंदापूर-बारामतीकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात आणि सोपानला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धूळ अजिबात चालत नाही. पण एका सकाळी नरसिंहपूरहून तानाजीचा फोन आला आणि बेत बदलला. तानाजी हा माझ्या नणंदेचा, म्हणजे आक्काचा मुलगा. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. साखरेनं नजर आधीच अधू केलेली, त्यात आता उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेना. बारामतीच्या डॉक्टरांनी एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परवाची तारीख दिली होती, आणि आक्का हटून बसली होती. बापूशी बोलल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडणार नाही म्हणत होती.

बापू म्हणजे सोपान. आक्का त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनंच वाढवलं.

"आमी सांगून दमलो, मामी," तानाजी म्हणाला. "तिला वाटतंय मामा गेलाय आन् आमी लपवतोय."

इथे नव्यानं येणाऱ्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. या ब्लॉगवर बरेच महिने काही आलं नाही त्याचंही कारण हेच. सोपानला घशाचा कॅन्सर झाला. त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो नाकातोंडानं श्वास घेत नाही, गळ्याला पुढून एक छिद्र आहे, त्यातून घेतो. त्यावर सुती फडकं बांधतो. प्रकृती चांगली आहे, जेवतो, चालतो. पण आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

आधी दर रविवारी तो आणि आक्का फोनवर तास तासभर बोलत. ऑपरेशननंतर ते थांबलं. आम्ही तिला सगळं खरंखरं सांगितलं होतं. तिला ते पटलंच नाही. "आवाज कुठं जातोय?" म्हणाली. "जातो त्यो माणूस." उपचार चालू असताना सोपानला एवढा प्रवास झेपणारा नव्हता आणि तिची तब्येत तिला पुण्याला येऊ देत नव्हती. फोटो पाठवून उपयोग नाही, पत्र लिहून उपयोग नाही. डोळे नसलेल्या माणसाला मुक्या माणसानं कळवायचं कसं?

सोपानकडे बोलून दाखवणारं एक यंत्र आहे. तळहाताहून थोडं मोठं, जाड बटणांचं. त्यावर मराठीत टाइप केलं आणि हिरवं बटण दाबलं की ते वाक्य मोठ्यानं म्हणतं. पुरुषी आवाज आहे पण बातम्या वाचल्यासारखा. महिन्यापूर्वी ते घरी आलं तेव्हा आम्ही उत्साहानं आक्काला फोन लावला. यंत्रानं दोन वाक्यं म्हटली आणि तिनं फोन ठेवला. तानाजीला म्हणाली, बँकेतनं आला होता.

म्हणून जायचंच होतं, आणि यंत्रासकट जायचं होतं. माझी झोप उडवणारी गोष्ट इथून सुरू होते. या यंत्रातला मराठी आवाज यंत्रात नसतो. तो इंटरनेटवरून येतो. नेट नसेल तर ते फक्त आधी भरून ठेवलेली काही वाक्यं म्हणू शकतं: मला पाणी हवं आहे, मला दुखत आहे, कृपया डॉक्टरांना बोलवा, अशी. यंत्रात सिमकार्ड बसत नाही. घरी वायफाय आहे. बाहेर काय?

ज्यांच्या घरी असं एखादं यंत्र आहे आणि प्रवासाचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते. मी आधी फोनचा हॉटस्पॉट वापरून पाहिला. यंत्र थोडा वेळ गप्प बसलं की जोडणी सुटायची, आणि दोघांच्याही बॅटऱ्या भराभर उतरायच्या. मग वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ब्लूटूथचा मार्ग सुचवला. फोन आणि यंत्राची एकदा ब्लूटूथवर जोडी लावायची. मग फोनच्या हॉटस्पॉटच्याच पानावर खाली 'ब्लूटूथ टेदरिंग' असतं, ते चालू करायचं. शेवटी यंत्रात जाऊन फोनच्या नावासमोर 'इंटरनेटसाठी वापरा' यावर खूण करायची. वेग कमी मिळतो, पण एखादं वाक्य बोलायला वेग कशाला लागतो? बॅटरी दिवसभर पुरते. मर्यादा एकच, दोन्ही वस्तू जवळजवळ हव्यात. एका खोलीत असतील तर उत्तम, मध्ये भिंत आली की डळमळतं.

फोन माझा. सोपाननं आजारपणात स्वतःचा फोन वापरणं सोडलं होतं. म्हणजे तो बोलायचा तर मी जवळ हवी. घरी हे कधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. गाडी मी चालवत होते. सोलापूर रस्त्यानं पाटसपर्यंत आणि तिथून उजवीकडे वळून बारामती, हा मला सगळ्यात सोपा मार्ग वाटतो. दिवे घाट लागत नाही आणि चहाला थांबण्याजोगी ठिकाणं पुष्कळ आहेत. पाटसपासून पुढे ट्रॉल्या सुरू झाल्या. एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर उसाचा डोंगर, मागे दिवा नाही. ओव्हरटेक करताना प्रत्येक वेळी मी श्वास रोखून धरत होते आणि शेजारी सोपान गळ्यावरचं फडकं ओलं करून घेत होता. खिडक्या बंद. तरी पाचट उडून काचेवर येत होतं. मी दर थोड्या वेळानं त्याला म्हणत होते, काहीतरी बोल. तो यंत्रात "काहीतरी" असं टाइप करून हिरवं बटण दाबायचा. चालतंय एवढं कळलं की मला पुढचे चार मैल बरे जायचे.

जेवायला कन्हेरीला थांबलो. बारामतीजवळचं हे सोपानचं गाव. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं राखायच्या. आता सगळ्यांची शेती आहे, कुणी नोकरीत आहे. चुलतदिरांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्याकडे बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि हुरड्यासोबत लसणाची चटणी, असं जेवण झालं. आबा सोपानशी ओरडून बोलत होते. आवाज गेला म्हणजे ऐकूही येत नसणार असं बऱ्याच जणांना वाटतं, हा आमचा नेहमीचा अनुभव. सोपाननं यंत्रातून "आबा, मला ऐकू येते" असं सांगितलं. आबा यंत्राकडे तोंड करून म्हणाले, बरं बरं. पुढचं सगळं ते यंत्रालाच सांगत राहिले.

मग आबांनीच आठवण काढली, सोपान लहानपणी मेंढरांना हाळी द्यायचा ती पार ओढ्यापलीकडे ऐकू जायची. सोपाननं भाकरी मोडली आणि खात राहिला. मी उठून हात धुवायला गेले.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा, आणि हंगामात सगळीकडे मळीचा गोडसर आंबूस वास. रस्ता चांगला आहे, पण हंगामात दुप्पट वेळ धरा. वाटेत माझा फोन अडकला, नकाशा हलेना. मी तो बंद करून पुन्हा चालू केला आणि विसरून गेले.

इंदापुरात स्टँडजवळ चहा घेताना सोपाननं काहीतरी टाइप केलं, हिरवं बटण दाबलं, आणि काही झालं नाही. पुन्हा दाबलं. यंत्राच्या कोपऱ्यात तुटलेल्या साखळीचं चित्र लुकलुकत होतं. मी फोन पाहिला, नेट तर पूर्ण होतं. ब्लूटूथही चालू होतं, यादीत यंत्राचं नावही दिसत होतं. मी जोडी तोडली, पुन्हा लावली. यंत्र जोडणीचा आकडा मागेना, मग मागू लागलं, मग नाकारू लागलं. पुढे छोटी गावं, तिथे कुणाला विचारणार? सोपाननं माझ्या हातावर हात ठेवला, चहाकडे बोट दाखवलं. चहा गार झाला होता.

दुसरा चहा येईपर्यंत मला आठवलं. फोन बंद करून चालू केला की ब्लूटूथ टेदरिंग आपोआप बंद होतं. ब्लूटूथ चालू दिसतं, पण त्यातून नेट द्यायची परवानगी पुन्हा द्यावी लागते. एक खूण करायची होती. केली, आणि यंत्र खणखणीत म्हणालं, "साखर कमी आहे." चहावाल्यानं वळून पाहिलं आणि निमूटपणे साखर आणून दिली. हे वाचणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी या लेखाचं सार्थक झालं.

नरसिंहपूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. इंदापूरहून बावड्यावरून रस्ता येतो. भीमा आणि नीरेच्या संगमावर नृसिंहाचं मोठं, किल्ल्यासारखं देऊळ आहे, लांबून दिसतं. गावात हॉटेलं नाहीत म्हटलं तरी चालेल. दर्शनाला येणारे पुजाऱ्यांकडे आधी सांगून जेवणाची सोय करतात. तुम्हीही आदल्या दिवशी फोन करा, ऐनवेळी गेलात तर चहा-बिस्किटांवर राहाल. आम्हाला ती चिंता नव्हती. तानाजीचं घर देवळापासून पाच मिनिटांवर.

आक्का सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसली होती. पाय वाजले तशी तिनं मान वळवली. मी म्हणाले, आक्का, मी विद्या, यांना घेऊन आलेय. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. दोन्ही हात पुढे केले. सोपान खाली बसला आणि तिनं त्याचं डोकं धरलं. कानामागे चाचपलं, कपाळ, नाक, गाल. ती नुसती मान हलवत होती. मग हात गळ्यापाशी आला. फडकं लागलं. तिनं ते बोटानं बाजूला केलं आणि बोट त्या छिद्राच्या कडेला थांबलं. आतून श्वास येत होता, तो तिच्या बोटाला लागत असणार.

"हितनं श्वास घेतोस व्हय, बापू?" ती म्हणाली.

सोपाननं यंत्र काढलं. टाइप केलं, बटण दाबलं. तुटलेली साखळी. मी फोन पाहिला, या वेळी टेदरिंग चालू होतं, रेंजच नव्हती. एक काडीसुद्धा नाही. तानाजीच्या घरी लागतो तो दुसऱ्या कंपनीचा फोन, आणि त्याच्या त्या साध्या फोनला नेट नाही. सोपान पुन्हा पुन्हा बटण दाबत होता आणि घाईत त्याचा अंगठा भरून ठेवलेल्या वाक्यांच्या बटणावर पडला. यंत्र बातम्या वाचणाऱ्या आवाजात म्हणालं, "मला दुखत आहे. कृपया डॉक्टरांना बोलवा."

आक्कानं हात मागे ओढून घेतला. कोण बोललं म्हणून विचारलं. तानाजीनं समजावलं, मी समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हा बापूच आहे हे तिच्या हातांना कळलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. तो जिवंत आहे या आनंदानं ती रडलीही. पण मग डोळे पुसून म्हणाली, "ऑपरेशनला गेला आन् असा व्हऊन आला. त्याचा गळा गेला, माजं डोळं जातील. आता निदान उजेड तरी कळतोय. मला न्हाय जायचं."

ज्या कामासाठी आलो ते आमच्या येण्यानं उलट बिघडलं होतं. मी फोन घेऊन घरभर फिरले. गच्चीवर एक काडी यायची, पण यंत्र खाली सोप्यात, मध्ये स्लॅब, ब्लूटूथ पोचेना. सोपानला गच्चीवर नेलं तर यंत्र बोलायचं, पण आक्का वर चढणार नव्हती. लोखंडी जिना उभा होता. जेवणं झाली. आक्का सोपानचा हात धरून बसून राहिली, आणि तो तिच्या हातावर बोटानं काही काही लिहीत होता. तिला अक्षरं येत नाहीत हे त्याला माहीत होतं, तरी लिहीत होता. अंथरुणावर मी हिशेब करत राहिले: दुपारपर्यंत बारामतीत दाखल व्हायचं, रस्त्यात ट्रॉल्या, सकाळी लवकर निघायला हवं, आणि ही हो म्हणालेली नाही.

सकाळी तानाजी म्हणाला, घाटावर रेंज असते, टॉवर नदीपलीकडं आहे. मी धावत जाऊन पाहून आले. देवळाच्या मागे उतरणाऱ्या पायऱ्यांवर आलं की फोनला एकदम तीन काड्या. पण तिथपर्यंत आक्का येणार कशी? डॉक्टरांकडे नेलं तेवढं सोडलं तर दिवाळीपासून ती घराबाहेर पडली नव्हती. मी तिला समजावायला सुरुवात केली तर सोपाननं मला हातानं थांबवलं. तो तिच्यासमोर उभा राहिला, तिचे दोन्ही हात धरले आणि तिला उठवलं. तिनं पायात चपला सरकवल्या आणि निघाली. गल्लीत कुणीतरी विचारलं, आक्का, कुठं निघाली? ती म्हणाली, भावासंगं निघालेय.

घाट मोठा आहे, दगडी, रुंद पायऱ्यांचा. खाली दोन नद्यांचं पाणी मिळतं. प्रवासी म्हणून आले असते तर मी तिथे सकाळभर बसले असते. त्या दिवशी मला फक्त पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा आणि खालचं पाणी दिसत होतं. सोपानला पाण्याची मोठी भीती आहे. म्हणजे त्याला नाही, मला. गळ्यातल्या छिद्रातून पाणी गेलं तर ते थेट फुप्फुसात जातं. त्याला पोहायला येतं, पण आता त्याचा उपयोग नाही. मी त्यांना वरच्याच पायऱ्यांवर बसवलं, दोघांच्या मध्ये फोन ठेवला, टेदरिंगची खूण पुन्हा पुन्हा पाहिली.

सोपाननं टाइप केलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग यंत्र म्हणालं, "आक्का, म्या हाय. भिऊ नगंस."

घरी माझ्याशी तो यंत्रातून पुस्तकी मराठीत बोलतो. सरळ शब्द टाइप करायला सोपे पडतात म्हणायचा. हे कन्हेरीचं बोलणं त्या यंत्रातून मी पहिल्यांदाच ऐकलं. बातम्या वाचणारा आवाज 'नगंस'वर अडखळला, भलत्याच अक्षरावर जोर दिला. आक्काला हसू आलं. तोंडावर पदर धरून हसली.

"ह्या मशिनीला आपलं बोलणं कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"म्याच शिकवतुया," यंत्र म्हणालं. "लई मठ्ठ हाय."

त्यानंतर तिनं मला हाक मारली. "विद्या, तू जरा लांब बस, बाय. आमाला बोलू दे."

मी फोन उचलायला वाकले आणि लक्षात आलं, तो तिथेच राहायला हवा. तसाच ठेवला आणि देवळाच्या भिंतीपाशी जाऊन बसले. तिथून दोघांच्या पाठी दिसत होत्या. यंत्राचा आवाज यायचा, शब्द वाऱ्यानं मोडून जायचे. हातात काही नव्हतं. वेळ बघायला घड्याळसुद्धा नव्हतं. बॅटरी किती राहिली असेल, फोन घसरून पाण्यात तर जाणार नाही, आक्का उठायला गेली आणि तोल गेला तर. असे सगळे विचार करून झाले. एकदा फोन उजळला, कुणाचा तरी कॉल होता. तिथे कॉल आला की नेट बंद पडतं हे मला सकाळी कळलं होतं. मी उठलेच. पण सोपाननं तो कट केला आणि पुन्हा यंत्रावर वाकला.

आक्का बोलायची, मग तो टाइप करायचा, ती थांबायची. एकदा तो बराच वेळ टाइप करत होता. ती पाण्याकडे तोंड करून बसून राहिली. यंत्र बोललं. तिनं त्याच्याकडे मान वळवली, आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. ऊन चढत होतं. मला बारामतीचा रस्ता दिसत होता, ट्रॉल्या दिसत होत्या. तरी मी उठले नाही.

शेवटी तीच उठली. मला म्हणाली, तानाजीला म्हणावं, पिशवी भर माजी.

दुपारी आम्ही वेळेत पोचलो, कसेबसे. दवाखान्याचं नाव देत नाही, पण बारामतीत डोळ्यांचे चांगले दवाखाने आहेत आणि पुण्याला पळायची गरज नाही एवढं माझं मत झालं. राहायला स्टँडच्या आसपास साधे, स्वच्छ लॉज मिळतात. दाखल होण्याआधी फोन करून रक्तातल्या साखरेचा ताजा रिपोर्ट लागतो का ते विचारा, आमचा थोडा वेळ त्यातच गेला. सोपान औषधं आणायला खाली गेला होता, तानाजी कागद करत होता. आक्का डोळ्यात थेंब घालून बाकावर बसली होती, मी शेजारी. ती आपणहून बोलू लागली.

"तुला ठावं हाय का," ती म्हणाली, "बापू दवाखान्यातनं पळून निघाला व्हता?"

मला कळेना. ती सांगत गेली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो वॉर्डातून उठून खाली गेला होता. दवाखान्याच्या कपड्यांत, तसाच फाटकाबाहेर. रिक्षात बसला होता, स्टँडवर ने म्हणून सांगितलं होतं. कन्हेरीला जायचं होतं त्याला. सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा उतरला आणि चालत परत आला.

मला ती सकाळ आठवत होती. तो पलंगावर नव्हता. परत आल्यावर खुणेनं नाही, आवाजानं म्हणाला होता, जरा पाय मोकळे करून आलो. तेव्हा आवाज होता त्याला. माझ्याशी त्याचं शेवटचं बोलणं जवळजवळ तेच.

"तुला न्हाय सांगितलं म्हणाला," आक्का म्हणाली. "तू आधीच लई भ्यालीवतीस. मला म्हणाला, आक्का, भ्या वाटतं त्याचं काय न्हाय, परत फिरायचं तेवडं. मग म्या म्हणलं, चल."

सोपान औषधांची पिशवी घेऊन आला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काय झालं अशी मान उडवली. मी म्हणाले, काही नाही.

यंत्र आत नेता येणार नाही असं नर्सनं सांगितलं तेव्हा मला वाटलं आता आक्का परत अडणार. ती अडली नाही. सोपाननं एक वाक्य टाइप केलं, यंत्र म्हणालं, "म्या हितंच हाय." तिनं मान हलवली आणि नर्सचा दंड धरून गेली. तो दरवाजासमोर उभा राहिला. मी त्याच्यापासून हललेच नाही, फोन हातात गच्च. पाऊण तास लागला असेल. तेवढ्यात मी देवाचं नाव घेतलं, टेदरिंग पाहिलं, पुन्हा देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. एकदम सगळं लख्ख झालं असं मी लिहू शकत नाही. साखरेनं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही, डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण माणसं दिसतील, रंग दिसतील, हिंडता-फिरता येईल. आक्का बराच वेळ डोळा मिचकावत होती. आम्ही तिघं समोर उभे. मग ती सोपानच्या जवळ वाकली, त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"पांढरं फडकं कशाला बांदलंय?" ती म्हणाली. "मळतंय की."

परतताना आम्ही आक्काला आणि तानाजीला नरसिंहपूरला सोडून आलो. घरून निघताना तिनं आपल्या जुन्या चॉकलेटी लुगड्याचा एक तुकडा सोपानच्या खिशात कोंबला. आता घरी त्याची चार फडकी शिवली आहेत.

पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले. रविवारचे फोन पुन्हा सुरू झालेत. यंत्र फोनजवळ धरायचं, बस. आक्का आता बँकेचा फोन म्हणून ठेवत नाही, उलट यंत्राच्या उच्चारांना नावं ठेवते. दुसऱ्या डोळ्याची तारीख उन्हाळ्यात मिळेल. तुमच्यापैकी कुणाला असा प्रवास करायचा असेल तर जरूर करा. पॉवर बँक न्या, टेदरिंगची खूण विसरू नका, आणि पोचाल तिथे आधी रेंज कुठे आहे ते शोधा.

या सगळ्यातून माझ्याजवळ काय उरलं याचा मी विचार करतेय. तो रिक्षात बसला होता हे मला आक्काकडून कळलं. यंत्र घरात येऊन महिना झाला होता, तो दिवसभर त्यातून बोलायचा, पण प्रत्येक शब्द माझ्या फोनमधून, मी समोर असताना. त्याला एकट्याला कुणाशी काही बोलायचं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मी त्याला अजून त्याबद्दल विचारलेलं नाही. विचारेनसं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्यासाठी एक साधासा फोन आणला. ब्लूटूथची जोडी त्याचा त्यानंच लावली, मला मागे उभी राहू दिली नाही. काल संध्याकाळी तो भाजी आणायला एकटा गेला. मी गॅलरीत उभी राहून वाट पाहत होते, मग आत आले, मग पुन्हा बाहेर. बऱ्याच वेळानं जिन्यात खालच्या मजल्यावर तो यंत्राचा आवाज आला. कुणाशी तरी गप्पा चालल्या होत्या, मधेच समोरचं माणूस हसलं. शब्द काही कळत नव्हते. मी दार उघडायला गेले होते, ते हळूच लोटून घेतलं आणि कुकर लावला.